दीड फरशी मागे: घरच्या पियानोसाठी परवडणारा माइक

लेकीच्या पियानोचं पहिलं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर केलं. फोन पियानोच्याच डोक्यावर, फुलदाणीला टेकवून ठेवलेला. ती वाजवत होती तेव्हा हॉल भरून गेला होता. नंतर फोनवर ऐकलं, तर शेजारच्या इमारतीत कुणी पत्र्याच्या डब्यावर चमचे वाजवतंय असं वाटलं. जोरकस जागा आणि हळुवार जागा एकाच उंचीच्या. मध्येच आवाज दबायचा, मग हळूहळू फुगायचा. शेवटच्या स्वराची आस तर फोननं गोंगाट समजून पुसूनच टाकली होती.

"आई, मी असं वाजवते?"

ती तसं वाजवत नव्हती. फोन बोलणं पकडायला बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो दाबतो, लहान आला की उचलतो आणि मागे काही गुणगुणत असेल तर ते झटकून टाकतो. बोलण्यासाठी हे सोयीचं आहे. पियानोत मात्र खरी गंमत त्या चढउतारातच असते, आणि विझत जाणाऱ्या स्वरात.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या दोन्ही लंडनच्या संगीत-परीक्षा मंडळांनी 2020 पासून घरून व्हिडिओ पाठवून परीक्षा द्यायची सोय केली, आणि पुण्या-मुंबईतल्या, गोव्यातल्या कितीतरी घरांत आईबापांवर रेकॉर्डिस्ट व्हायची वेळ आली. मीही झाले. दोन आठवडे दुकानांची पानं चाळली. कार्डिऑइड, कंडेन्सर, फँटम पॉवर, सेल्फ-नॉइज असले शब्द रात्री झोपेतही येऊ लागले. मग दोनदा खरेदी केली. त्यातली पहिली चुकली. तेव्हापासून जे उमगलं ते इथे मांडते.

आधी एक गोष्ट उरकून टाकू. तुमचा पियानो विजेवर चालणारा असेल, तर माइक घेऊच नका. त्याच्या मागे लाइन-आउट किंवा यूएसबीचं भोक असतं, निदान हेडफोनचं तरी असतंच. तिथून वायर काढून थेट रेकॉर्ड करा. डिजिटल पियानोच्या स्पीकरसमोर माइक लावणं म्हणजे टीव्हीवरच्या चित्राचा फोटो काढण्यासारखं आहे. खाली जे लिहिलंय ते तारा आणि हातोड्या असलेल्या पियानोबद्दल, त्यातही बहुतेक घरांत असतो त्या उभ्या, भिंतीला टेकलेल्या पियानोबद्दल.

पियानो वाजतो कुठून?

गाणाऱ्याचा आवाज तोंडातून येतो, म्हणजे माइक कुठे धरायचा हा प्रश्नच नाही. पेटी झाली तरी बॅगेएवढं खोकं. तबला-डग्ग्याची दोन तोंडं. पियानोचं तसं नाही. 88 पट्ट्या, जवळजवळ दीड मीटर रुंदी, आणि आत सव्वादोनशेच्या आसपास तारा. मंद्रातला अगदी खालचा स्वर 27.5 हर्ट्झचा, वरचा शेवटचा 4186 हर्ट्झचा. आणि गंमत म्हणजे तार स्वतः फारशी ऐकू येतच नाही. तिची थरथर पुलासारख्या एका लाकडी पट्टीवरून मागच्या रुंद फळीवर जाते आणि हवा हलवते ती ही फळी. तिला साउंडबोर्ड म्हणतात, बहुधा स्प्रूस नावाच्या लाकडाची असते. उभ्या पियानोत ती पाठीला असते. म्हणजे आपण कौतुकानं पियानो भिंतीला चिकटवून ठेवतो, तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ आपल्याकडे असते.

शिवाय वरच्या झाकणातून हातोड्यांचा ठोका येतो, खालून पेडलचा धप्प, समोरून पट्ट्यांची खटखट. खर्जाचे स्वर फळीच्या एका भागातून जास्त येतात, तार सप्तकाचे दुसऱ्या. या सगळ्याचं मिश्रण होऊन "पियानो" तयार व्हायला हवेतली थोडी जागा लागते.

म्हणून माइक वीतभर अंतरावर लावला तर त्याच्या समोरचे चार-सहा स्वर अंगावर येतात आणि बाकीचे मागच्या रांगेत जातात. भजनी मंडळात नेमकं झांजवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसलं की कसं होतं, तसं. त्यावर उपाय म्हणजे मागे सरकणं. चांगल्या सभागृहात रेकॉर्डिंग करणारे दोन-तीन मीटर मागेही जातात.

पण आपल्याकडे सभागृह नाही, दहा बाय चौदाचा हॉल आहे. खाली व्हिट्रिफाइड फरशी, तीन बाजूंना गिलावा, चौथीला अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. अंतर दुप्पट केलं की पियानोचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. भिंतींवरून उसळून येणारा आवाज मात्र खोलीत जवळपास सगळीकडे सारखाच असतो, तो उतरत नाही. त्यामुळे दोन पावलं जास्त मागे गेलं की पियानो कमी आणि हॉलच जास्त ऐकू येतो, न्हाणीघरात वाजवल्यासारखा.

पियानो म्हणतो लांब जा, खोली म्हणते जवळ ये. माइकची निवड म्हणजे या दोघांचं भांडण मिटवणं. ब्रँड, रंग, सोनेरी जाळी हे सगळं नंतरचं. आमच्याकडे तडजोड पट्ट्यांपासून दीड फरशीवर झाली. दोन फुटी फरशी, म्हणजे 90 सेंटिमीटर. इथून पुढचा प्रत्येक निर्णय मी या दीड फरशीवर तोलून घेतला.

स्टेजवरचा माइक का चालत नाही

गणपतीच्या मंडपात, वक्त्यांच्या हातात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दिसतो तो गोळ्याचा माइक डायनॅमिक जातीचा. शुअरचा एसएम58 हा त्यांतला सगळ्यांत ओळखीचा, 1966 पासून चालू आहे. त्यात पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकात हलतं. पडला, आपटला तरी काही होत नाही. पण ते वेटोळं अंगाला जड. हातोडी तारेवर पडते तो क्षण फार चपळ असतो, आणि हा जडपणा त्याची धार बोथट करतो.

त्याहून मोठी अडचण अंतराची. एसएम58 ला ठरावीक आवाज ऐकवला तर तो जेवढी वीज देतो, त्याच्या सहा-सात पट वीज रोड कंपनीचा एनटी5 हा कंडेन्सर माइक देतो. ओठांजवळ धरलं तर एसएम58 ला हे चालतं. दीड फरशी लांबून हळुवार पियानो पकडायचा तर आवाजाचं बटण पार उजवीकडे फिरवावं लागतं, आणि मग पियानोबरोबर यंत्राची सळसळही वर येते. घरात आधीपासून असा माइक पडलेला असेल तर झाकण उघडून जवळून करून बघा, काहीतरी मिळेल. पण त्यासाठी नवा विकत आणू नका.

आपल्याला लागतो तो कंडेन्सर. त्यात वेटोळं नसतं, केसाहून बारीक धातूचा मुलामा दिलेला पडदा एका पत्र्यासमोर ताणलेला असतो. पडदा हलका, म्हणून चपळ. त्याला चालवायला 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती त्याच माइकच्या वायरीतून जाते, वेगळा चार्जर नसतो. पूर्वी ही चैनीची वस्तू होती. 1962 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पडदा बनवला. त्यालाच इलेक्ट्रेट म्हणतात. कंडेन्सर माइक आपल्या खिशाच्या आवाक्यात आला तो त्यामुळे. दुकानात "इलेक्ट्रेट आहे, खरा कंडेन्सर नाही" असं नाक मुरडून सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. चांगला इलेक्ट्रेट पियानोला पुरून उरतो.

रिबन नावाची तिसरी जात आहे. आवाज मऊ, सुंदर. पण कमी ताकदीची आणि नाजूक. पहिल्या खरेदीसाठी नको.

माझी चुकलेली खरेदी

कंडेन्सरमध्येही दोन आकार. एक मोठा, गाण्याच्या स्टुडिओच्या फोटोत दिसतो तो, इंचभर व्यासाच्या पडद्याचा. दुसरा पेन्सिलसारखा बारीक, अर्ध्या इंचाच्या आसपास. मी पहिल्यांदा मोठा घेतला, एकच. फोटोत भारदस्त दिसत होता, आणि गाणारे सगळे तोच घ्या म्हणत होते.

त्याचा आवाज वाईट नव्हता. पण लेक मधल्या सप्तकातून वर चढली की पियानोचा रंगच बदलायचा, मध्यावर घट्ट आणि कडेला कोरडा. कारण नंतर कळलं. दीड मीटर रुंद वाद्य 90 सेंटिमीटरवरून बघितलं तर त्याची दोन्ही टोकं मधल्या रेषेपासून 40 अंशांवर पडतात. गायकाचं तोंड मोठ्या माइकच्या नाकासमोर असतं. पियानो दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. मोठ्या पडद्याला समोरचा आवाज जसा ऐकू येतो तसा बाजूचा येत नाही, वरच्या पट्टीचे सूर कडेनं आले की त्यांचा रंग उतरतो. बारीक पेन्सिल-माइकला हा त्रास बराच कमी. म्हणून पियानोला पेन्सिल. मोठा माइक आता लेक गाते तेव्हा कामाला येतो, अगदीच वाया गेला नाही.

माइक कोणत्या दिशेनं ऐकतो, हा पुढचा प्रश्न. चहूबाजूंनी ऐकणाऱ्याला ओम्नी म्हणतात, पुढून ऐकून पाठीकडे कानाडोळा करणाऱ्याला कार्डिऑइड. खरं सांगायचं तर पियानोला ओम्नी फार शोभतो. खर्ज खोलवर पकडतो आणि बाजूच्या आवाजाचा रंग फारसा बदलत नाही. पण तो हॉलही तेवढ्याच प्रेमाने ऐकतो. खिडकीवरची कबुतरं, समोरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी, खालचा स्कूटरचा किकस्टार्ट, सगळं. गोव्यातल्या एखाद्या जुन्या, उंच लाकडी छताच्या घरात राहत असाल तर ओम्नीची जोडी जरूर घ्या, मला हेवा वाटेल. फ्लॅटमध्ये कार्डिऑइड.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर सगळ्यांत ठळक छापतात ते "20 ते 20,000 हर्ट्झ". याला जवळजवळ काही अर्थ नाही. त्या टप्प्यात आवाज किती वरखाली होतो हे सांगितलं नसेल, तर हा आकडा "पुणे ते नाशिक रस्ता आहे" एवढंच सांगतो, खड्डे किती ते नाही. बघायचा असतो तो आलेख, कोणत्या हर्ट्झला माइक किती जोरात ऐकतो त्याचा. स्वस्त कंडेन्सरमध्ये 8 ते 12 हजार हर्ट्झच्या आसपास बऱ्याचदा एक उंचवटा दिलेला असतो. गाण्यात त्यामुळे शब्द चकचकीत लागतात. पियानोचा सगळ्यांत वरचा स्वरही 4186 वर संपतो, म्हणजे त्या उंचवट्यात सापडतात ते फक्त वरचे उपस्वर आणि हातोडीचा ठोका. परिणाम असा की आवाज काचेसारखा टोचतो. रेघ जितकी सपाट तितकं बरं.

किती मोठा आवाज सोसेल, हा आकडा पियानोसाठी सोडून द्या. घरच्या पियानोनं कंडेन्सर माइक गुदमरत नाही.

राहिला सेल्फ-नॉइज. जाहिराती याच आकड्याने सजवलेल्या असतात. माइक अगदी शांत खोलीत ठेवला तरी त्याची स्वतःची एक बारीक सळसळ असते, ती डेसिबलमध्ये मोजतात. रोडच्या मोठ्या एनटी1-ए ची 5, छोट्या एनटी5 ची 16, त्याहून स्वस्त एम5 ची 19, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी2020 ची 20. जर्मनीच्या नॉयमनचा केएम184 हा बारीक माइक स्टुडिओंचा लाडका आणि कैकपट महाग, त्याची 13. वाटतं, 5 चाच घ्यावा. पण आपली खोली किती शांत आहे ते बघा. शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्री सगळं बंद केलं तरी 30 डेसिबलच्या खाली जायला नशीब लागतं. 19 ची सळसळ त्या 30 मध्ये बुडून जाते. दीड फरशीवर पियानो पुरेसा मोठा असतोच. आकडा 20 च्या आसपास किंवा खाली असेल तर डोळे मिटून घ्या. त्याहून खाली उतरण्यासाठी जे पैसे मोजाल ते फ्रिजचा कॉम्प्रेसर खाऊन टाकेल.

एक सावधगिरी. खोलीचा नकाशा काढण्यासाठी म्हणून स्वस्त ओम्नी माइक मिळतात, बेरिंजरचा ईसीएम8000 तसा. रेघ सपाट, किंमत कमी, मोह होतो. पण ते बनवलेत मोजमापासाठी. हळुवार वाजवलेल्या जागी त्यांची सळसळ जाणवते.

दोन का घ्यायचे

एका माइकवर पियानो व्यवस्थित रेकॉर्ड होतो. परीक्षेला तर तेवढं पुरे. पण हेडफोनवर ऐकलं की सगळा पियानो कपाळाच्या मधोमध एका ठिपक्यात कोंबल्यासारखा लागतो. दोन कानांसाठी दोन माइक, ही कल्पना अॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने 1931 च्या पेटंटमध्ये मांडली. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया तिथे आहे.

दोन माइक एकाच मॉडेलचे हवेत, जमलं तर कंपनीनेच जुळवून विकलेली जोडी. एक या कंपनीचा, एक त्या, असं केलं तर खर्ज एका रंगाचा आणि तार सप्तक दुसऱ्या रंगाचं होतं. यूएसबीचे दोन माइक घेऊन लॅपटॉपच्या दोन भोकांत खुपसायचा विचारही करू नका. प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं, ती दोन घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात, आणि पाच मिनिटांच्या तुकड्यात डावा-उजवा हात वेगळे पडायला लागतात.

जोडी लावायची कशी? सगळ्यांत सुरक्षित पद्धत एक्स-वाय. दोन्ही माइकची तोंडं एकावर एक, काटकोनात. आवाज दोघांकडे एकाच वेळी पोचतो, त्यामुळे गडबड होत नाही. थोडी रुंदी कमी मिळते. दुसरी पद्धत फ्रेंच रेडिओवाल्यांची, ओआरटीएफ: तोंडांमध्ये 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन. 17 सेंटिमीटर म्हणजे साधारण दोन कानांमधलं अंतर. दीड फरशीवर मला हीच आवडली. एका स्टँडवर छोटी आडवी पट्टी लावली की काम होतं.

माइक एकमेकांपासून लांब, एक खर्जाकडे आणि एक तार सप्तकाकडे, असंही लावतात, आणि हेडफोनवर ते भव्य वाटतं. पण त्यात एक खोडा आहे. आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो. एखादा स्वर एका माइकला दुसऱ्यापेक्षा 34 सेंटिमीटर लांब पडला, तर तो तिथे एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. 500 हर्ट्झच्या सुरासाठी एक मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धी लाट: एक वर जात असते तेव्हा दुसरी खाली. दोन्ही बाजू एकत्र केल्या की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. पियानोच्या मधल्या सप्तकातला वरचा "बी" 494 हर्ट्झचा आहे, म्हणजे नेमका तोच बसतो. आणि दोन्ही बाजू एकत्र करतं कोण? आजी ज्या एका स्पीकरच्या फोनवर नातीचं वाजवणं ऐकते, तो फोन. तेव्हा रेकॉर्डिंग संपलं की एकदा मोनो करून, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐका. एखादा सूर गायब झाला असेल तर माइक जवळ आणा.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

पहिले पैसे ट्यूनरला. हे सांगायला बोअर होतं, पण बेसूर पियानोसमोर चांगला माइक लावला की बेसूरपणा जास्त स्पष्ट होतो, एवढंच. आपल्या पावसाळ्यात हवा ओली झाली की साउंडबोर्ड फुगतो, तारा ताणल्या जातात आणि विशेषतः मधले सूर चढतात. दिवाळीनंतर हवा सुकली की उतरतात. आमचा पियानो जुलैमध्ये ट्यून केला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा कुरकुरायला लागला. आता पाऊस पूर्ण थांबल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ देते आणि मग ट्यूनरना फोन करते. मोठं रेकॉर्डिंग त्याच्या पुढच्या दोन आठवड्यांत उरकायचं.

त्यानंतर ठरवायचं, की लॅपटॉपचा पसारा हवा की नको. नको असेल तर हातात मावणारा रेकॉर्डर घ्या. झूमच्या एच1एन मध्ये एक्स-वाय पद्धतीने जोडलेले दोन माइक आधीच बसवलेले असतात, टॅस्कॅमच्या डीआर-05एक्स मध्ये दोन ओम्नी. पेन्सिल-सेलवर चालतात, कार्डावर रेकॉर्ड करतात. त्यांची सळसळ वेगळ्या माइकपेक्षा जास्त, पण फोनच्या तुलनेत फरक रात्र आणि दिवसाचा. महिन्यातून एकदा आजीला पाठवण्यासाठी रेकॉर्ड करत असाल, तर तुमची खरेदी इथेच संपली. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पसारा चालणार असेल तर माइकची जोडी आणि तिला लॅपटॉपशी जोडणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. यात सगळ्यांत जास्त लोक फसतात ते भोकांच्या हिशेबात. स्वस्त इंटरफेसमध्ये माइकचं भोक एकच असतं, दुसरं गिटारसाठी. फोकसराइटचा सोलो घेतला तर एकच माइक लागतो, 2आय2 घेतला तर दोन. बेरिंजरचा यूएमसी202एचडी हाही दोन माइकचा, आणि मला तरी त्यात आणि महागड्या पेटीत दीड फरशीवरून फरक ऐकू आला नाही. 48 व्होल्टचं बटण आहे ना, ते बघून घ्या.

जोडीमध्ये सगळ्यांत खालच्या पायरीवर बेरिंजरची सी-2. दोन माइक आणि आडवी पट्टी एकाच डब्यात. आवाज थोडा टोचरा, पण शिकायला उत्तम, आणि पहिल्या दोन वर्षांत चुका माइकपेक्षा आपल्याच जास्त असतात. त्यावरची पायरी रोडच्या एम5 ची जोडी, आम्ही शेवटी घेतली ती हीच. त्याहून वर एनटी5 किंवा एसई इलेक्ट्रॉनिक्सचा एसई8. त्यापलीकडे गेलात तर तो तुमचा छंद झाला, गरज नाही, आणि छंदाचा हिशेब घरच्यांना मागू देऊ नये.

स्टँडवर मात्र चिकटपणा करू नका. आडवा हात असलेला जड बुडाचा स्टँड घ्या. आमचा पहिला स्वस्त स्टँड लेकीच्या वादनाच्या मध्यावर हळूहळू, अगदी मालगाडीसारखा खाली उतरत गेला. शेवटच्या ओळीत माइक तिच्या मानेकडे बघत होता.

एका कानात बोट

माइक आणला की लगेच लावू नका. कुणाला तरी सावकाश सगळ्या पट्ट्यांवरून एक-एक सूर वाजवायला सांगा, एका कानात बोट घाला, आणि उघडा कान माइक समजून पियानोभोवती फिरा. वाका, उभे राहा, स्टुलावर चढा. एका कानाने ऐकताना खोलीच्या खोड्या चटकन उघड्या पडतात.

आमच्याकडे कोपऱ्यात गेलं की खालचा "ए" ढोलासारखा घुमायचा. हॉलची रुंदी दहा फूट, आणि दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासची लाट बरोबर बसते. पियानोतला खालून दुसरा "ए" 55 हर्ट्झचा. भिंतीलगत तो फुगतो, आणि खोलीच्या अगदी मध्यरेषेवर उभं राहिलं तर नाहीसा होतो. मी आधी तिथेच, मधोमध स्टँड लावला होता आणि माइकमध्ये खर्ज नाही म्हणून कंपनीला शिव्या घालत होते. स्टँड हातभर बाजूला सरकवला आणि खर्ज परत आला.

याच फेरीत दुसरा चोर सापडला. मधल्या सप्तकातला एक ठरावीक सूर वाजला की कुठूनतरी "झ्झ" अशी जवारी यायची. पियानो बिघडला असं वाटून ट्यूनरना फोन लावणार होते. तेवढ्यात लेकीने शोकेसच्या काचेवर हात ठेवला आणि आवाज थांबला. आत तिच्या आजोबांच्या सत्काराचं पितळी सन्मानचिन्ह काचेला टेकून उभं होतं. ते दोन बोटं मागे सरकवलं.

मग पियानो भिंतीपासून फूटभर ओढला, म्हणजे मागच्या फळीला श्वास घ्यायला जागा मिळाली. वरचं झाकण उघडलं. समोरची वरची फळी आतल्या दोन खिट्ट्या फिरवून काढली, तर हातोड्यांची अख्खी रांग दिसायला लागली. माइकची जोडी वाजवणारीच्या मागे, डोक्याहून थोडी वर, त्या उघड्या भागाकडे बघणारी. खाली फरशीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीवर दोरीला टांगलेली आजीची गोधडी. गोधडीनं खर्ज आवरत नाही, त्याला फार जाड काहीतरी लागतं, पण माइकच्या पाठीमागून येणारी टाळीसारखी उसळी ती मस्त गिळते. पियानो फिरवून मागच्या फळीसमोर माइक लावायचाही प्रयोग केला. आवाज मोठा आणि गोल, पण ठोका हरवलेला, रजई पांघरून वाजवल्यासारखा.

आवाजाची पातळी लावताना सगळ्यांत जोरकस ओळ वाजवून घ्या आणि काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबेल असं बटण ठेवा. 24 बिटवर, म्हणजे जास्त बारकाईच्या सेटिंगवर रेकॉर्ड करत असाल तर वर मोकळी जागा ठेवल्याने काही बिघडत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी मुलं नेहमीपेक्षा जोरात वाजवतात. लॅपटॉपचा चार्जर काढून टाका. अर्थिंग नीट नसलेल्या घरात त्याच्यातून 50 हर्ट्झची गुणगुण येते, आणि ती मी आठवडाभर माइकमध्ये शोधत होते. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा.

परीक्षेसाठी एक वेगळी अट असते: रेकॉर्डिंग सलग हवं, मध्ये कात्री नको. त्यामुळे माइकचा आवाज नंतर जोडण्यापेक्षा व्हिडिओबरोबर एकाच वेळी आत जाईल अशी जोडणी करा, आणि त्या वर्षीचे नियम आधी वाचून घ्या.

आम्ही पहाटे साडेपाचची वेळ धरली. कबुतरं सहाला उठतात. जागा सापडली तेव्हा स्टँडच्या तीन पायांखाली रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना मावशींनी ती स्वच्छ खरवडून काढली, आणि वर सांगितलंही, "ताई, कसले डाग होते, निघतच नव्हते." तेव्हापासून लेकीच्या स्वरलिपीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: पट्ट्यांपासून दीड फरशी मागे, खिडकीकडून चौथी रेघ, माइक स्विचबोर्डाच्या उंचीला, सन्मानचिन्ह आत ढकलणे.